छोट्या स्पीकरचा आवाज कसा जोखायचा

पुस्तकांच्या फळीवर मावतील अशा स्पीकरच्या दोन जोड्या एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर आलटून-पालटून ऐकल्या आणि त्यातली एक जेमतेम एक डेसिबल मोठी वाजत असली, तर बहुतेकांना तीच चांगली वाटते. गंमत म्हणजे ‘ही मोठी वाजते’ असं कुणी म्हणत नाही. हिचा बेस भरीव आहे, गाणं मोकळं वाटतं, बारकावे जास्त ऐकू येतात, असं म्हणतात. कानाची ही खोड फार पूर्वी मोजून झाली आहे. आवाजाची पातळी खाली आली की मधल्या सुरांपेक्षा खर्ज कितीतरी झपाट्याने ऐकू येईनासा होतो, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली आलेख काढून दाखवलं. म्हणजेच व्हॉल्यूम थोडा वर गेला की बेस आपोआप वाढल्यासारखा वाटतो. स्पीकरने वेगळं काहीच केलेलं नसतं.

छोट्या स्पीकरांच्या बाबतीत हा घोळ हटकून होतो, कारण त्यांची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक व्होल्टेज दिल्यावर एक मीटरवर किती आवाज येतो तो आकडा, साधारण ८३ ते ८८ डेसिबलच्या दरम्यान कुठेही असतो. व्हॉल्यूमचं बटण न हलवता ८४ वाली जोडी काढून ८८ वाली लावली, तर अ‍ॅम्प्लिफायरची ताकद अडीचपट केल्यासारखा फरक पडतो. अशी तुलना म्हणजे निकाल आधीच लागलेली मॅच. त्यामुळे पहिलं काम पातळी जुळवण्याचं. पिंक नॉइज नावाचा एक चाचणीचा आवाज असतो, पावसाच्या संततधारेसारखा एकसंध. तो दोन्ही जोड्यांवर वाजवायचा, बसण्याच्या जागी फोनमधलं आवाज मोजायचं अ‍ॅप धरायचं आणि दोन्हींचा आकडा सारखा करून घ्यायचा. फोनचा आकडा खरा नसेना का, दोन्ही वेळी तो सारखाच चुकतो, म्हणून तुलनेपुरता चालतो.

दुसरी खोड डोळ्यांची. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघा संशोधकांनी १९९४ साली हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत एक प्रयोग केला. कंपनीतल्याच माणसांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड ठेवून आणि एकदा समोर दिसत असताना ऐकवले. त्यात एक छोटा, स्वस्त, प्लॅस्टिकच्या खोक्यातला संच होता. पडद्याआड त्याला बरे गुण मिळाले, पण दिसायला लागल्यावर ते घसरले. मोठे आणि देखणे स्पीकर वर गेले. त्याहून बोलका भाग पुढेच आहे. स्पीकरची खोलीतली जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो, पण डोळे उघडे असताना लोकांच्या गुणांमध्ये तो बदल फारसा उमटलाच नाही. मत बनवायचं काम डोळ्यांनी आधीच उरकलं होतं. घरी पडदा लावणं शक्य आहे. कुणीतरी तारा बदलून द्यायला हवं, एवढंच. ते जमत नसेल तर निदान किंमत आणि दुसऱ्यांची मतं ऐकण्याच्या नंतर वाचावीत.

खोकं छोटं म्हणजे नेमकं काय गेलं

छोट्या स्पीकरकडून काय मागायचं नाही हे आधी समजून घेतलं, तर बाकीचं ऐकणं बरंच सोपं होतं. यामागे एक हिशोब आहे, तो केएलएच या अमेरिकी स्पीकर कंपनीचे अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. छोटं खोकं, खोल खर्ज आणि चढी सेन्सिटिव्हिटी, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. आकड्यांत सांगायचं तर तेवढीच सेन्सिटिव्हिटी राखून स्पीकर एक सप्तक खाली न्यायचा असेल, तर खोक्याचं आकारमान आठपट लागतं. खोकं तेवढंच ठेवायचं असेल तर सेन्सिटिव्हिटी नऊ डेसिबलने सोडावी लागते. कुठल्याही जाहिरातीने हे गणित बदलत नाही.

स्पीकरमधला जो पडदा हलून आवाज काढतो, त्याच्या हालचालीचाही असाच हिशोब आहे. तेवढाच मोठा आवाज निम्म्या कंप्रतेवर (सेकंदाला किती कंपनं तो आकडा, हर्ट्झमध्ये मोजतात) काढायचा तर वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या भागाच्या, पडद्याला चौपट पुढे-मागे जावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणारा पडदा ४० हर्ट्झला चार मिलिमीटर हलतो. पाच इंची वूफरची धाव इथेच संपत येते, आणि मग आवाज घोगरा होतो.

तरीही छोटे स्पीकर बेस वाजवतात असं वाटतं. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते आणि पाच इंची वूफरला ४१ हर्ट्झ धड झेपत नाही, पण तरी आपल्याला तो सूर ऐकू येतो. कारण त्या तारेतून ४१ बरोबरच ८२, १२३, १६४ असे वरचे स्वरही निघतात, आणि त्यांच्यातल्या समान अंतरावरून मेंदू मूळ सूर स्वतःच भरून काढतो. चाल पूर्ण कळते. येत नाही ते वजन, छातीला जाणवणारा दाब. म्हणून छोट्या स्पीकरचा खर्ज जोखताना ‘किती खाली जातो’ हा प्रश्न मी दुय्यम मानतो. खरा प्रश्न हा, की जेवढा खर्ज आहे तेवढा खरा आहे का.

याच्यासाठी तबल्यासारखी परीक्षा नाही. डग्ग्यावर थाप पडल्यावर वादक मनगटाचा दाब वाढवत नेतो आणि सूर सरकत वर चढतो. चांगल्या स्पीकरवर तो घुमारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका रेषेत सरकताना ऐकू येतो, आणि थांबतो तिथे थांबतो. बेस फुगवलेल्या स्पीकरवर मात्र एका ठरावीक उंचीपाशी तो अचानक मोठा होतो, तिथेच रेंगाळतो, मग पुढे जातो. बऱ्याच छोट्या स्पीकरांना मागे किंवा पुढे एक भोक असतं, त्याला पोर्ट म्हणतात. आतली हवा एका ठरावीक कंप्रतेला, बहुधा ४५ ते ६० हर्ट्झच्या दरम्यान, घुमवून तो वूफरला मदत करतो. त्या कंप्रतेच्या खाली आवाज एकदम कोसळतो, सप्तकामागे साधारण २४ डेसिबलने. बंद खोक्याचा स्पीकर लवकर उतरायला लागतो पण सावकाश उतरतो, सप्तकामागे १२ डेसिबलने. पोर्टची जुळणी नीट झालेली नसेल तर गाणं कुठलंही असो, बेस एकाच सुरात ‘ढुम, ढुम’ करतो. पहिल्या दहा मिनिटांत हे फार छान वाटतं, हाच त्यातला धोका. बेस गिटारवर किंवा ऑर्गनवर पायरीपायरीने खाली उतरणारी एखादी ओळ शोधून ठेवा. एखादा सूर उगाच पुढे येतो का आणि एखादा गायब होतो का, एवढंच ऐकायचं.

छोटं खोकं हा केवळ नाइलाज नव्हे, हेही सांगायला हवं. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी अमेरिकेत एआर-१ हा स्पीकर आणला. पूर्ण बंद खोक्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरून त्यांनी तोवर कपाटाएवढ्या स्पीकरकडून मिळणारा खर्ज आटोपशीर खोक्यातून काढून दाखवला. फळीवर ठेवायचे स्पीकर या प्रकाराची सुरुवात तिथली. बदल्यात सेन्सिटिव्हिटी गेली, म्हणजे हिशोब तिथेही चुकला नाही.

माणसाचा आवाज

छोट्या स्पीकरचं खरं बलस्थान मधल्या पट्ट्यात आहे. तिथे तो मोठ्या भावांना मागे टाकू शकतो, आणि तिथेच नापास झाला तर बाकी कशाला अर्थ उरत नाही. बीबीसीचा एलएस३/५ए हा स्पीकर याचं उत्तम उदाहरण आहे. १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या गाड्यांमधल्या अडचणीच्या जागेसाठी तो बनवला. सुमारे ३० सेंटिमीटर उंच, १९ रुंद, १६ खोल. सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८३ डेसिबल, खर्ज ७०-८० हर्ट्झच्या खाली नाहीच म्हणायचा. तरीही निवेदकाचा आवाज त्यातून इतका नैसर्गिक येत असे, की आजही त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. बीबीसीचे अभियंते ओळखीच्या माणसाला स्टुडिओत बोलायला लावून तोच आवाज शेजारच्या खोलीत स्पीकरमधून ऐकत आणि दोन्हींची तुलना करत. माणसाच्या बोलण्याइतका आपल्या कानाला पाठ असलेला दुसरा आवाज नाही, त्यामुळे ही चाचणी साधी असली तरी कठोर आहे.

तुम्हीही एखाद्या परिचित आवाजाचं साधं, पार्श्वसंगीत नसलेलं ध्वनिमुद्रण घ्या. पुरुषाचा आवाज आधी ऐका. तो छातीतून फुगून येत असेल तर १०० ते २०० हर्ट्झच्या आसपास उंचवटा आहे, म्हणजे तेवढा भाग बाकीच्यापेक्षा मोठा वाजतो. बऱ्याच छोट्या स्पीकरांत, एलएस३/५ए मध्येसुद्धा, तो असतो, कारण त्यामुळे नसलेला खर्ज असल्याचा भास होतो. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा किंवा नाकातला वाटत असेल तर दोष ५०० ते १००० हर्ट्झच्या आसपास शोधावा, कधी तो खोक्याच्या भिंतींच्या थरथरीतून येतो. मग ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरं. ‘सशाची शिंगं’ असं काही वाचून घ्या. ‘स’ तोंडातूनच आला पाहिजे. तो बोलणाऱ्याच्या चेहऱ्यापासून सुटून स्वतंत्रपणे सुसू करत असेल, तर पाच ते आठ किलोहर्ट्झचा भाग चढा आहे. ‘प’ आणि ‘भ’ नुसते ओठांवर फुटले पाहिजेत, त्यांच्यामागे धप्प व्हायला नको.

आता इथलं एक अवघड वळण. दोन ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणारे दोन भाग असलेल्या, स्पीकरमध्ये खालचे सूर वूफर वाजवतो, वरचे ट्वीटर, आणि दोघांमध्ये वाटणी करणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. ही वाटणी साधारण दोन ते तीन किलोहर्ट्झला होते, म्हणजे नेमकी आवाजाच्या स्पष्टतेच्या पट्ट्यात, जिथे कान सर्वांत तीक्ष्ण असतो. कुठल्याही पडद्याचा आवाज, त्याची तरंगलांबी पडद्याच्या रुंदीएवढी झाली की, टॉर्चच्या झोतासारखा समोरच जायला लागतो. साडेसहा इंची वूफरच्या बाबतीत हे अडीच किलोहर्ट्झच्या आसपास होतं. आणि तिथून पुढे सूत्रं हातात घेतो एक इंची ट्वीटर, जो आवाज सगळीकडे उधळतो. नाकासमोर मोजलं तर कुठल्या कंप्रतेला किती आवाज येतो तो आलेख सरळ. बाजूला मोजलं तर क्रॉसओव्हरच्या आधी खड्डा आणि नंतर उंचवटा. बाजूला गेलेला तो आवाज भिंतींवरून परत येतोच. समोर बसल्यावर पहिलं गाणं स्वच्छ वाटतं आणि अर्ध्या तासाने कान का टोचतायत ते कळत नाही, त्याचं कारण बरेचदा हे असतं. यावर उपाय म्हणून ट्वीटरभोवती उथळ कर्ण्यासारखी वाटी करतात किंवा ट्वीटर थेट वूफरच्या मध्यभागी बसवतात. केईएफ या ब्रिटिश स्पीकर कंपनीने हा दुसरा प्रकार यूनी-क्यू या नावाने १९८८ साली आणला.

हा दोष कानाने पकडता येतो. एकच स्पीकर चालू ठेवा, पिंक नॉइज लावा आणि समोरून सावकाश बाजूला चालत जा. वरचा भाग हळूहळू, सलग मंदावत गेला तर उत्तम. मध्येच आवाजाचा पोतच बदलला, पोकळ झाला किंवा अचानक शिट्टीसारखा काही भाग पुढे आला, तर तिथे जोड आहे. मग उठून उभे राहा. उभं राहिल्यावर बहुतेक स्पीकर बदलतात, कारण वूफर आणि ट्वीटरचं कानापासूनचं अंतर वेगवेगळं होऊन काही सूर एकमेकांना खोडतात. म्हणूनच ट्वीटर कानाच्या उंचीवर असावा लागतो. शेवटी दार उघडं ठेवून शेजारच्या खोलीत जा. तिथे फक्त परतलेला आवाज पोहोचतो. गाणारी बाई तिथूनही बाईसारखी वाटली, तर स्पीकर बनवणाऱ्याने मेहनत घेतलेली आहे.

एकच स्पीकर का, तर दोन वाजले की दोष झाकले जातात. टूल यांच्या चाचण्यांत एका स्पीकरवर लोकांना स्पीकरांमधला फरक जास्त ठळक कळला, स्टीरिओत तो पुसट झाला. स्टीरिओची मजा वेगळी, पण परीक्षेच्या वेळी ती आड येते. संगीत म्हणाल तर तंबोरा ठेवावाच. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यात वरच्या स्वरांचा इतका दाट, सलग पसारा असतो, की आलेखातला एखादा टोकदार उंचवटा लगेच एका सुराच्या रूपाने वेगळा वाजू लागतो.

खोली

साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली तुम्ही स्पीकरपेक्षा खोली जास्त ऐकत असता. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून उभा राहतो: भिंतीपाशी तो प्रचंड, खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य. तीन मीटरला हेच ५७ हर्ट्झला होतं. म्हणून ‘याचा बेस कमी आहे’ असं मत देण्याआधी खुर्ची अर्धा मीटर मागे सरकवून पाहावी. स्पीकर मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर १४३ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, कारण भिंतीवरून परतलेली लहर बरोबर उलटी होऊन मिळते. भिंतीजवळ नेला की खड्डा वर सरकतो आणि खर्ज वाढतो. काही छोटे स्पीकर भिंतीच्या आधारासाठीच जुळवलेले असतात, ते मोकळ्यात ठेवले की अशक्त वाटतात. पोर्ट मागे असलेला स्पीकर खरोखरच पुस्तकांच्या फळीत कोंबला तर घुमतो. तिथे पोर्टमध्ये स्पंजचा बोळा घालून बघायला हरकत नाही. आणि लहान खोलीत छोट्या स्पीकरचा एक फायदाही होतो: ४० हर्ट्झ तो वाजवतच नाही, त्यामुळे खोलीचा तो घुमाराही उठत नाही.

जोडणी उलटी तर झाली नाही ना, हेही आधी बघून घ्यावं. एका स्पीकरची लाल-काळी तार उलट लागली की बेस नाहीसा होतो आणि मधोमध उभा असायला हवा तो गायक डोक्याभोवती पसरतो.

कागदावरचे आकडे

‘४५ हर्ट्झ ते २८ किलोहर्ट्झ’ असं लिहिलेलं असतं. पुढे अधिक-उणे ३ डेसिबल असं काही नसेल, तर ते वाक्य सोडून द्यावं. ४५ हर्ट्झला आवाज दहा डेसिबल खाली असूनही असं लिहिता येतं. सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्टला मोजतात. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये ती एक वॉटची, पण ४ ओहमच्या स्पीकरमध्ये दोन वॉटची होते, म्हणजे तीन डेसिबल फुकटात पदरात. ८५ डेसिबलच्या जोडीला एक वॉट दिल्यावर अडीच मीटरवर ८० च्या थोडं वर आवाज मिळतो, तो रोजच्या ऐकण्याला पुष्कळ आहे. पण संगीतातले ठोके सरासरीच्या १५-२० डेसिबल वर उडी घेतात, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद. त्यातली जवळजवळ सगळी वूफरच्या कॉइलमध्ये उष्णता होऊन जाते: ८५ डेसिबलचा स्पीकर विजेच्या पाचशेव्या भागाचाच आवाज करतो. म्हणून आवाज टप्प्याटप्प्याने वाढवत काय बदलतं ते ऐका. पोर्टमधून फसफस येते, की गाणाऱ्याचा आवाज कठीण होतो, की नुसताच सपाट होऊन मोठा व्हायचा थांबतो?

मोजमापाचे पूर्ण आलेख मिळाले तर मात्र जरूर पाहावेत. आडव्या आणि उभ्या दिशेने दर दहा अंशांवर, एकूण ७० मोजणी घेऊन काढलेला स्पिनोरामा हा त्यातला सर्वांत उपयोगी. नवखा माणूस त्यातल्या अरुंद खाचांना घाबरतो; त्या बहुतेकदा ऐकूही येत नाहीत. रुंद, बसका, दीड-दोन डेसिबलचाच उंचवटा आवाजाचा सगळा रंग बदलतो. ऑलिव्ह यांनी २००३ साली अडीचशेहून अधिक माणसांवर केलेल्या चाचणीत, कान तयार असलेले आणि नसलेले अशा दोघांनीही स्पीकरांना जवळपास सारखाच क्रम दिला. तयार कानांची मतं जास्त ठाम आणि स्थिर होती इतकंच. त्यामुळे ‘आपल्याला काय कळतंय’ असं म्हणून कुणा जाणकाराच्या मागे जायचं कारण नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. यामाहाचा एनएस-१० हा पांढऱ्या पडद्याचा स्पीकर १९७८ साली घरगुती म्हणून आला आणि घरगुती म्हणून फारसा चालला नाही. पुढे तोच जगभरच्या स्टुडिओंत पोहोचला. त्याचा वरचा भाग इतका टोचायचा, की अभियंते ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवत. पण वेगवेगळे आवाज एकत्र करताना (मिक्सिंगमध्ये) झालेली चूक तो लपवत नसे. कामाला उपयोगी आणि ऐकायला सुखद या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि दिवाणखान्यासाठी घेताना कुणी ‘स्टुडिओत वापरतात’ असं सांगितलं तर त्यावरून काहीच ठरत नाही.

राहिला प्रश्न स्पीकर ‘मोकळा व्हायला’ शंभर तास लागतात या समजाचा. नव्या पडद्याची कड सुरुवातीच्या वापरात किंचित सैल होते, हे खरं. आठवडाभराने जो मोठा फरक जाणवतो, तो मात्र बहुतेक कानाला सवय झाल्याचा असतो. ही सवय तपासणं सोपं आहे. नव्या जोडीवर काही दिवस नेहमीचं ऐकणं ऐकायचं, मध्ये जुनी जोडी लावायची नाही. मग एके दिवशी जुनी लावून, पातळी जुळवून, पहिल्या पाच मिनिटांत जे खटकेल ते कागदावर उतरवायचं: आवाज पातळ झाला, ‘स’ पुढे आला, डग्गा अडकला, जे काही असेल ते. दहाव्या मिनिटापर्यंत कान जुन्या जोडीलाही सरावू लागतो, तेव्हा त्यानंतरच्या नोंदी धरू नयेत.